सेंद्रिय सौरघटातले व्होल्टेज नॅनोमीटरच्या पातळीवर कसे मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात भौतिकशास्त्र शिकवताना हायर सेकंडरीच्या आणि कॉलेजच्या मुलांकडून सौरघटांविषयी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुले असतात, आणि मुलगी एम.एस्सी.ला नेमके काय करते हे समजून घ्यायचे असलेले पालकही असतात. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरे एकत्र केली आहेत. त्यांत माझा एक आग्रह सगळीकडे दिसेल: मोजणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर दिसणारा आकडा कशाचा आहे हे कळेपर्यंत त्याला सौरघटाचे व्होल्टेज म्हणायचे नाही.

सेंद्रिय सौरघट सिलिकॉनच्या घटापेक्षा वेगळा कसा?

छपरावर दिसतात त्या पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या स्फटिकाची चकती असते. सेंद्रिय घटात कार्बनी रेणू असतात, बहुतेक वेळा पॉलिमर. ते द्रावकात विरघळवून काचेवर किंवा प्लास्टिकवर शाईसारखे पसरतात. प्रकाश शोषणारा थर जेमतेम १०० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो.

पॉलिमर वीज वाहू शकतात हे हीगर, मॅकडिअर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखवले आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९८६ मध्ये टँग यांनी दोन सेंद्रिय थर एकावर एक ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमतेचा घट केला. १९९५ मध्ये हीगर यांच्या गटाने ते दोन पदार्थ थरांत न ठेवता एकमेकांत मिसळले, आणि आजचा सेंद्रिय घट त्या मिश्रणावरच उभा आहे. २०१९ मध्ये वाय६ नावाचा रेणू आला आणि कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या वर गेली. आता प्रयोगशाळेतले लहान घट २० टक्क्यांच्या आसपास पोचले आहेत.

मिश्रण का करावे लागते? सिलिकॉनमध्ये प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, जवळजवळ लगेच मोकळे होतात. सेंद्रिय पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभारांमधले आकर्षण पदार्थ किती कमी करतो त्याचे माप) ३ ते ४ इतकाच असतो, सिलिकॉनचा ११.७. त्यामुळे सेंद्रिय पदार्थात ही जोडी एकमेकांना घट्ट धरून राहते. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती विझण्याआधी साधारण १० नॅनोमीटर फिरते. तेवढ्या अंतरात तिला दाता आणि ग्राहक पदार्थांची सीमा सापडली तरच ती तुटते: इलेक्ट्रॉन ग्राहकाकडे जातो, होल दात्याकडे राहतो. म्हणून दोन्ही पदार्थ १०-२० नॅनोमीटरच्या पुंजक्यांत एकमेकांत गुंतलेले असावे लागतात, आणि तरीही दोघांची वाट आपापल्या इलेक्ट्रोडपर्यंत अखंड असावी लागते. या दोन अटी एकमेकींच्या विरोधात जातात.

व्होल्टेज येते कुठून? आणि एवढे जाते कुठे?

मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे.

पी३एचटी हा पॉलिमर बराच अभ्यासला गेला आहे. त्याचा ऊर्जापट्टा, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे. शोषलेला प्रत्येक फोटॉन निदान एवढी ऊर्जा देतो, पण पीसीबीएम या ग्राहक रेणूबरोबर त्याचा घट केला तर खुल्या परिपथात, म्हणजे घटातून प्रवाह घेत नसताना, मिळतात साधारण ०.६ व्होल्ट. दोन तृतीयांश ऊर्जा वाटेतच गेली. पीएम६ हा दाता पॉलिमर आणि वाय६ यांच्या घटात वाय६चा पट्टा साधारण १.३ ते १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि व्होल्टेज ०.८३-०.८५ च्या आसपास मिळते. पट्टा लहान, तरी व्होल्टेज जास्त. गेल्या काही वर्षांतली प्रगती या एका तुलनेत दिसते.

गळती तीन ठिकाणी होते. पहिली सीमेवर: इलेक्ट्रॉन दात्याकडून ग्राहकाकडे उतरताना पायरी जितकी मोठी तितकी ऊर्जा वाया. म्हणून व्होल्टेज ठरते ते दात्याची भरलेली वरची पातळी आणि ग्राहकाची रिकामी खालची पातळी यांच्यातल्या अंतरावरून. त्या अंतरातून ०.३ व्होल्ट वजा करा, हा २००६ साली मांडलेला अनुभवसिद्ध नियम अजूनही पहिल्या अंदाजाला उपयोगी पडतो. दुसरी गळती टाळता येत नाही. जो पदार्थ प्रकाश शोषतो तो थोडा परत फेकतोच, आणि त्याची किंमत आदर्श घटालाही मोजावी लागते. तिसरी म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल प्रकाश न देता, नुसती उष्णता सोडून परत जुळणे. परत जुळणाऱ्या जोड्यांपैकी प्रकाश देणाऱ्यांचे प्रमाण दहा पटींनी घटले की खोलीच्या तापमानाला सुमारे ६० मिलिव्होल्ट जातात. शंभर पटींनी घटले की १२०.

पहिली आणि तिसरी गळती पदार्थ कसे मिसळले आहेत त्यावरही अवलंबून असते. कुठे पुंजका मोठा झाला, कुठे वाट तुटली, कुठे सीमा अस्ताव्यस्त आहे, तिथे व्होल्टेज मरते. हे सगळे घडते दहा-वीस नॅनोमीटरच्या जागेत.

मल्टिमीटरने व्होल्टेज मोजता येत असताना एवढा खटाटोप कशाला?

मल्टिमीटर पूर्ण घटाचा एकच आकडा देतो. प्रयोगशाळेतला २ मिलिमीटर बाजूचा चौकोनी घट घ्या. त्यात २० नॅनोमीटर बाजूचे चौकोन मांडले तर एक हजार कोटी मावतात. त्या सगळ्यांची मिळून एक बेरीज-वजाबाकी मल्टिमीटरवर दिसते. घट चांगला की वाईट हे त्यातून कळते. वाईट असेल तर कुठे बिघडला हे कळत नाही.

एक खरे उदाहरण सांगते. २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ इथल्या गटाने एक पॉलिमर आणि पीसीबीएम यांचे मिश्रण दोन द्रावकांतून पसरवून पाहिले. टोल्युइनमधून केलेला घट १ टक्क्याच्याही खाली राहिला, क्लोरोबेंझीनमधून केलेला २.५ टक्क्यांवर गेला. पदार्थ तेच, फक्त द्रावक बदललेला. टोल्युइनमध्ये पीसीबीएमचे पुंजके मोठे होतात हे साध्या एएफएमच्या (पृष्ठभागाचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या) चित्रातही दिसत होते. पण तोटा फक्त पुंजक्यांच्या आकारामुळे होता का? २००५ मध्ये त्याच प्रकारच्या थरांवर निर्वातात स्थानिक व्होल्टेज मोजले तेव्हा आणखी एक कारण पुढे आले: टोल्युइनच्या थरात पीसीबीएमच्या पुंजक्यांवर पॉलिमरचे पातळ कवच असते. इलेक्ट्रॉनांनी भरलेला पुंजका आत, बाहेर इलेक्ट्रोड, आणि मधे हा अडसर. मल्टिमीटर कितीही महाग घेतला तरी हे कवच त्यात दिसले नसते.

मोजणारे उपकरण काम कसे करते?

त्याचे नाव केल्विन प्रोब फोर्स मायक्रोस्कोप. कल्पना जुनी आहे. दोन वेगवेगळे धातू तारेने जोडले की ज्याचे कार्यफलन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) कमी, त्यातून इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात आणि दोघांच्या मधल्या फटीत विभवांतर तयार होते. हे लॉर्ड केल्विन यांनी १८९८ मध्ये मांडले. १९३२ मध्ये झिसमन यांनी एक पट्टी कंप पावती ठेवून ते मोजण्याची सोपी रीत काढली. १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप बनवला, आणि १९९१ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र येऊन हे उपकरण जन्मले.

बारीक लवचिक पट्टीच्या टोकाला धातूचा मुलामा दिलेली सुई असते. सुई एका ओळीवरून एकदा जाते आणि पृष्ठभागाचा उंचसखलपणा नोंदवते. मग त्याच ओळीवरून २० ते ५० नॅनोमीटर वर उचलून पुन्हा जाते. या दुसऱ्या फेरीत सुईला एसी व्होल्टेज देतात. सुई आणि नमुना यांच्यातले विद्युतबल व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. वर्ग उलगडला की तीन तुकडे पडतात: एक स्थिर, एक एसीच्या वारंवारितेचा, एक दुप्पट वारंवारितेचा. मधला तुकडा नमुना आणि सुई यांच्यातल्या विभवांतराच्या प्रमाणात असतो. उपकरण सुईला डीसी व्होल्टेज देत राहते आणि हा मधला तुकडा शून्य होईपर्यंत ते बदलते. शून्य झाला की दिलेले डीसी म्हणजेच त्या जागेचे विभवांतर.

बाजारातल्या तागडीसारखेच हे: दुसऱ्या पारड्यात वजने टाकत जायचे आणि काटा मधे आला की वजने मोजायची. बल प्रत्यक्षात किती होते हे कळण्याची गरजच पडत नाही, म्हणून काही मिलिव्होल्टपर्यंतचा फरकही पकडता येतो.

मग पडद्यावरचा आकडा म्हणजे घटाचे व्होल्टेजच ना?

नाही. इथे घाई करू नका.

अंधारात मोजलेला आकडा म्हणजे सुई आणि पृष्ठभाग यांच्या कार्यफलनांतला फरक. त्यात सुईचा वाटा आहे. सुई बदलली, तिचा मुलामा झिजला किंवा तिला पॉलिमरचा कण चिकटला की आकडा बदलतो. नमुन्यात काहीच झालेले नसते.

प्रकाशात तीच जागा पुन्हा मोजतात आणि अंधारातला आकडा वजा करतात. या वजाबाकीत सुईचा वाटा निघून जातो. उरते ते पृष्ठ-प्रकाशव्होल्टेज. खालचा इलेक्ट्रोड होल गोळा करणारा असेल तर प्रकाशात इलेक्ट्रॉन वर साचतात आणि पृष्ठभाग ऋण होतो. खाली झिंक ऑक्साइडसारखा इलेक्ट्रॉन गोळा करणारा थर असेल तर उलटे घडते. चिन्ह अपेक्षेप्रमाणे आले का, हे विद्यार्थ्यांनी सगळ्यात आधी पाहावे. उपकरणे चिन्हांचे संकेत वेगवेगळे वापरतात.

तरीही हे घटाचे खुल्या परिपथाचे व्होल्टेज नव्हे. पूर्ण घटावर वर धातूचा इलेक्ट्रोड असतो. तो असेल तर सुईला खालचे काहीच दिसत नाही, म्हणून मोजणी बहुधा वरचा इलेक्ट्रोड न लावलेल्या थरावर करतात. म्हणजे मोजलेली वस्तू अर्धा घट आहे. वरचा इलेक्ट्रोड लागल्यावर जे नवे विभव आणि नवे सांधे तयार होतात ते या मोजणीत नाहीत. दोन नमुन्यांच्या प्रकाशव्होल्टेजची तुलना करणे योग्य, पण एकाच नमुन्याचे प्रकाशव्होल्टेज ०.४ व्होल्ट आले म्हणून घट ०.४ व्होल्टचा आहे असे लिहिणे चूक.

घट कापून त्याच्या छेदावर सुई फिरवणे ही दुसरी वाट. घट चालू असताना कोणत्या थरात किती व्होल्ट पडतात हे त्यात सरळ दिसते. ०.८ व्होल्ट १०० नॅनोमीटरवर सारखे पसरले तर क्षेत्र दर मीटरला ८० लाख व्होल्ट येते. ते खरेच सारखे पसरले आहे की एका सांध्यावर एकवटले आहे, हे कळणे फार मोलाचे असते. पण कापताना पृष्ठभागाला इजा होते. आयनांच्या झोताने कापला तर ती इजाच मोजली जाण्याची भीती असते.

किती बारीक दिसते?

मुलामा दिलेल्या सुईच्या टोकाची त्रिज्या २०-३० नॅनोमीटर असते. बळ फक्त टोकावर लागत नाही, तिच्या बाजूंवर आणि वरच्या पट्टीवरही लागते. म्हणून साध्या रीतीत आजूबाजूची सरासरी मिसळते आणि चित्र काही दहा नॅनोमीटरपर्यंतच स्पष्ट येते. वारंवारितेतला बदल मोजणाऱ्या रीतीत बळाचा उतार मोजला जातो. तो सुईच्या अगदी टोकापाशी एकवटलेला असल्याने चित्र अधिक बारीक येते.

पण पुंजका १० नॅनोमीटरचा असेल तर शेजाऱ्यांची सरासरी होणारच. त्यामुळे चित्रातला फरक खऱ्या फरकापेक्षा कमी दिसतो. लाल-निळ्या रंगांचे देखणे नकाशे पाहताना आधी बाजूची रंगपट्टी वाचा: तो सगळा लाल-निळा खेळ कधी कधी १५ मिलिव्होल्टमध्ये मावलेला असतो.

प्रकाश कुठून टाकायचा?

खालून, पारदर्शक काचेतून. वरून टाकला तर सुई आणि पट्टी यांची सावली नेमकी मोजायच्या जागेवर पडते.

आणखी एक सापळा आहे. पट्टीची हालचाल टिपायला उपकरणात लेसर असतो, बऱ्याचदा लाल. पट्टीच्या कडेने निसटलेला हा प्रकाश नमुन्यावर पडतो. पी३एचटी साधारण ६५० नॅनोमीटरपर्यंत प्रकाश शोषतो, म्हणून तिथे ८५० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर चालतो. वाय६ मात्र ९०० नॅनोमीटरच्याही पुढे शोषतो. जुन्या नमुन्यांसाठी सुरक्षित असलेला लेसर नव्या नमुन्यांत प्रकाशव्होल्टेज निर्माण करतो, आणि ज्याला आपण अंधार म्हणतो तो अंधार राहत नाही. वाय६च्या कुटुंबातले रेणू वापरत असाल तर उपकरणाच्या लेसरची तरंगलांबी आधी विचारा.

गोव्याच्या पावसाळ्यात ही मोजणी होते का?

होते, पण उघड्या हवेत नको. जून ते सप्टेंबर इथे आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत सुई आणि नमुना दोघांवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्याखालचे विभव झाकले जाते, जागोजागचे फरक दबतात. शिवाय हवेतला ऑक्सिजन प्रकाशात पी३एचटीला डोप करतो, म्हणजे त्यात जास्तीचे विद्युतभार तयार करतो. खालच्या थरात वापरतात ते पेडॉट-पीएसएस हे वाहक पॉलिमर पाणी ओढून घेते, आणि ते आम्लधर्मी असल्याने खालच्या पारदर्शक इलेक्ट्रोडला हळूहळू खाते. समुद्राकडून येणारी खारी हवा धातूच्या जोडण्या गंजवते ती वेगळीच.

उपाय ठरलेले आहेत. नमुना नायट्रोजनच्या ग्लव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) करायचा, हवाबंद डब्यात न्यायचा, आणि उपकरणाच्या कप्प्यात कोरडा नायट्रोजन सोडून आर्द्रतामापक स्थिर झाल्यावरच सुरुवात करायची. निर्वातात मोजता आले तर सगळ्यात चांगले. खोलीत नुसता एअर कंडिशनर लावून भागत नाही. चवथीच्या आधी मोजलेला नमुना आणि डिसेंबरात मोजलेला नमुना यांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळची आर्द्रता लिहिलेली हवीच, नाहीतर फरक पदार्थाचा की हवेचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

पृष्ठभागाचा उंचसखलपणा व्होल्टेजच्या चित्रात शिरतो का?

शिरतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवा. प्रत्येक टेकाड व्होल्टेजमध्येही तंतोतंत उमटले असेल तर शंका घ्या. सुईची उंची बदलून पाहा, नमुना ९० अंशांत फिरवून पाहा, उलट्या दिशेने ओळी काढून पाहा. खरे विभव या सगळ्यांत जागच्या जागी राहते.

उपकरण बरोबर मोजते आहे हे कसे ओळखायचे?

सोन्याचा थर घ्या, त्याला बाहेरून शून्य, अर्धा आणि एक व्होल्ट द्या. मोजलेले विभवही तेवढेच सरकले पाहिजे. अर्धा व्होल्ट दिल्यावर ०.४ दिसत असेल तर तुमच्या नमुन्याचे सगळे आकडेही तसेच कमी येणार. सुईचे कार्यफलन हवे असेल तर ग्रॅफाइटचा ताजा पृष्ठभाग वापरतात: चिकटपट्टीने वरचा पापुद्रा काढायचा आणि लगेच मोजायचे. त्याचे कार्यफलन साधारण ४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरतात. हे काम मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करावे.

विद्युतभार मायक्रोसेकंदात नाहीसे होतात. एक चित्र काढायला काही मिनिटे लागतात. मग मोजतो काय?

स्थिर प्रकाशातली सरासरी स्थिती. वेगाचे प्रश्न या रीतीने सुटत नाहीत. त्यासाठी प्रकाशाची झडप उघडून पट्टीची वारंवारिता किती वेळात बदलते हे प्रत्येक जागी मोजतात. वॉशिंग्टन विद्यापीठातून २००६ मध्ये ही रीत पुढे आली, आणि भार साचण्याचा वेग जागोजाग वेगळा असतो हे तिच्यामुळे नकाशावर दिसले.

एवढे उपकरण नसताना बारावीचा विद्यार्थी काय करू शकतो?

बरेच काही. बागेतल्या सौरदिव्यातला लहान घट, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक एलईडी दिवा घ्या. खोलीत अंधार करा. दिव्याचे अंतर बदलत खुल्या परिपथाचे व्होल्टेज लिहा. अंतर दुप्पट केले की प्रकाश साधारण एक चतुर्थांश होतो, पण व्होल्टेज तेवढे पडत नाही. आदर्श घटात, ३० अंशांच्या खोलीत, ते फक्त ३६ मिलिव्होल्टने घसरते, कारण व्होल्टेज प्रकाशाच्या लॉगरिथमवर अवलंबून आहे आणि त्याचा गुणक सुमारे २६ मिलिव्होल्ट आहे. दिव्यात अनेक घट एकामागून एक जोडलेले असतील तर घटांच्या संख्येने भागायला विसरू नका. प्रकाशाच्या (नैसर्गिक) लॉगरिथमसमोर व्होल्टेजचा आलेख काढा; त्याचा उतार २६ मिलिव्होल्टपेक्षा जास्त आला तर घटात इलेक्ट्रॉन आणि होल बहुधा दोषांपाशी परत जुळत आहेत. संशोधक सेंद्रिय घटावर अगदी हाच आलेख काढतात.

पुढे शिकायचे असेल तर ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ, फर्मागुडीचे आयआयटी, झुआरीनगरचे बिट्स पिलानी इथल्या भौतिकशास्त्राच्या विभागांत आधी पत्र लिहून भेट मागा. प्रश्न नेमका असेल तर शिक्षक वेळ देतात हा अनुभव आहे.

आमच्या कौलारू घरावर सेंद्रिय पॅनेल बसवावे का?

सध्या सिलिकॉनच बसवा. उन्हात आणि दमट हवेत वीस-पंचवीस वर्षे टिकण्यात ते पुढे आहे. सेंद्रिय घट घरातल्या दिव्यांच्या प्रकाशावर चालणाऱ्या लहान सेन्सरसाठी आणि वाकणाऱ्या, हलक्या पृष्ठभागांसाठी जास्त आशादायक आहेत.

मोजणीच्या वहीत काय काय लिहावे?

नमुन्याचे पदार्थ, द्रावक, थराची जाडी, तापवला असल्यास किती अंशांवर आणि किती वेळ. सुईचा प्रकार आणि ती किती चित्रांनंतरची आहे. उचललेली उंची, एसीचे व्होल्टेज आणि वारंवारिता. लेसरची तरंगलांबी. नमुन्यावर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता, रंग आणि दिशा. आर्द्रता आणि तापमान. सोन्यावरची तपासणी, आधीची आणि नंतरची. व्होल्टेज सुईला दिले की नमुन्याला, कारण त्यावर चिन्ह ठरते. आणि प्रकाशातले चित्र काढून झाल्यावर पुन्हा अंधारात घेतलेले तिसरे चित्र: ते पहिल्या अंधारातल्या चित्राशी जुळले नाही तर नमुना मोजता मोजता बदलला आहे, आणि ती वजाबाकी वापरायची नाही.